विश्लेषण : खजूर, एरंडेल, मालिश… नवव्या महिन्यात ‘नैसर्गिक तयारी’ नेमकी कशाची?

नववा महिना लागला की घराघरांत सल्ल्यांची रांग लागते. दुधात तूप घालून घे, बसून फरशी पूस, दिवस भरले की एरंडेल घे, असे सासर-माहेरच्या जुन्याजाणत्या बायका सांगतात. आता त्यात मोबाइलवरच्या चित्रफितींची भर पडली आहे. रोज सहा खजूर, गरम पाण्याने अंघोळ, अमुक आसन केले की प्रसूती ‘नॉर्मल’च होणार, अशी हमी त्यांत दिली जाते. या सगळ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. एक, प्रसूतीसाठी शरीर तयार करणे आणि दुसरी, कळा आणणे. पहिली बहुतांशी निर्धोक आणि उपयोगी आहे. दुसरी घरच्या घरी करणे जोखमीचे आहे. वेरूळसारख्या, मोठ्या रुग्णालयापासून सुमारे ३० किलोमीटर दूर असलेल्या गावात हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो.

नैसर्गिक उपायांची ओढ का वाढली?

यामागे सिझेरियनची धास्ती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०.१ टक्के होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते २५.४ टक्के झाले. म्हणजे दर चार प्रसूतींमागे एक शस्त्रक्रिया. देशपातळीवर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. शस्त्रक्रियेचा खर्च, पुढच्या बाळंतपणाची चिंता आणि शेतावर किंवा कामावर लवकर परतण्याची निकड यांमुळे ‘सीझर टळावे’ असे कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे. पण योग्य वेळी केलेले सिझेरियन आई आणि बाळ दोघांचाही जीव वाचवते. त्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे हे उद्दिष्ट योग्य, तर कोणत्याही परिस्थितीत शस्त्रक्रिया टाळणे हे उद्दिष्ट धोकादायक ठरते.

शरीर स्वतःहून तयारी कशी करते?

गर्भारपणात गर्भाशयाचे मुख लांब, घट्ट आणि बंद असते. शेवटच्या आठवड्यांत प्रोस्टाग्लँडिनसारख्या घटकांमुळे त्यातील तंतू सैल होतात. मुख मऊ पडते, आखूड होते आणि उघडू लागते. बाळाचे डोके ओटीपोटात खाली सरकते. अधूनमधून पोट कडक होऊन सैल पडते. या ‘खोट्या कळा’ही तयारीचाच भाग असतात. ही प्रक्रिया प्रत्येकीत वेगळ्या गतीने होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो आणि नेमक्या त्याच दिवशी अगदी थोड्या स्त्रिया प्रसूत होतात. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ ‘पूर्ण दिवसांचे’ मानण्याची जुनी पद्धत होती. आता ३९ आठवड्यांनंतरच्या जन्माला पूर्ण दिवसांचा म्हटले जाते, कारण शेवटच्या दोन आठवड्यांतही फुप्फुसे आणि मेंदूची वाढ सुरू असते. त्यामुळे ‘नववा लागला, आता बाळ आले तरी चालेल’ ही समजूत बरोबर नाही.

खजूर आणि तूप : पुरावा काय सांगतो?

खजुराबद्दल सर्वाधिक चर्चा झालेला अभ्यास जॉर्डनमधला असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६९ गर्भवतींनी अपेक्षित तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, तर ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खजूर खाणाऱ्यांपैकी ९६ टक्के स्त्रियांना आपोआप कळा सुरू झाल्या, न खाणाऱ्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते. रुग्णालयात दाखल होतानाही पहिल्या गटातील स्त्रियांचे गर्भाशयमुख अधिक उघडलेले होते. निष्कर्ष आशादायक असले तरी अभ्यास लहान होता. शिवाय कोणी खजूर खावेत हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे फरक खजुराचाच की आणखी कशाचा, हे ठामपणे सांगता येत नाही. खजूर हे अन्न असल्याने निरोगी गर्भवतीने ते खाण्यास सहसा हरकत नसते. मात्र गर्भारपणातील मधुमेह असेल तर रोज सहा खजूर म्हणजे साखरेचा मोठा डोस ठरतो. अशा स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नयेत.

तुपाचे गणित वेगळे आहे. दुधातून घेतलेले तूप आतड्यांतून पचून रक्तात जाते. ते जन्ममार्गापर्यंत पोहोचून त्याला ‘ओशट’ करत नाही. आहाराचा भाग म्हणून चमचाभर तुपाने अपाय नाही, पण वाटीभर तूप रिचवल्याने प्रसूती सोपी होते याला आधार नाही.

एरंडेल का टाळावे?

सर्व घरगुती उपायांत एरंडेलाचा परिणाम खरा आहे आणि म्हणूनच त्याची जोखीमही खरी आहे. एरंडेलातील रिसिनोलिक आम्ल आतडे आणि गर्भाशय या दोन्हींच्या स्नायूंवरील एकाच प्रकारच्या ग्राहकांना चेतवते, असे जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. म्हणजे जुलाब आणि कळा ही एकाच क्रियेची दोन रूपे आहेत. मात्र माणसांवरील पुरावा तोकडा आहे. वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१३ मध्ये तीन चाचण्यांतील २३३ स्त्रियांची माहिती तपासली. एरंडेलामुळे सिझेरियन कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. एरंडेल घेतलेल्या सर्व स्त्रियांना मळमळ मात्र झाली.

प्रसूती हे तासन्‌तास चालणारे श्रमाचे काम आहे. जुलाबाने शरीरातले पाणी आणि क्षार आधीच कमी झाले तर त्या श्रमाची सुरुवातच थकव्याने होते. आधीचे सिझेरियन झालेल्या स्त्रीला अनियंत्रित, जोरदार कळा आल्या तर जुना टाका उसवून गर्भाशय फाटण्याची भीती असते. रुग्णालयात कळा आणणारे औषध देताना मात्रा मोजली जाते, बाळाचे ठोके ऐकले जातात आणि गरज पडल्यास औषध थांबवता येते. घरी प्यायलेले एरंडेल थांबवता येत नाही.

मालिश, चालणे, उकिडवे बसणे : उपयोग कितपत?

योनीमार्ग आणि गुदद्वार यांमधल्या भागाला शेवटच्या महिन्यात तेलाने हलकी मालिश करण्याचा उपाय चांगल्या पुराव्यावर उभा आहे. ‘कॉक्रेन’च्या आढाव्यात चार चाचण्यांतील २,४९७ स्त्रियांचा समावेश होता. साधारण ३५व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा अशी मालिश केल्यास पहिलटकरणींमध्ये टाके घालावे लागण्याचे आणि छेद घेण्याचे प्रमाण काहीसे कमी झाले. नखे कापलेली, हात स्वच्छ धुतलेले आणि कोणताही संसर्ग नसलेला, ही त्याची पूर्वअट. पोटावर जोर लावून केलेली मालिश किंवा ‘बाळ फिरवण्याचे’ घरगुती प्रयोग मात्र कटाक्षाने टाळायला हवेत. त्याने वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

रोजचे चालणे, मांडी घालून बसणे, आधार घेऊन उकिडवे बसणे यांनी मांड्या आणि ओटीपोटाचे स्नायू कामाला लागतात, दम टिकतो. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय व्यायाम करू नये. हालचालीचा सर्वांत स्पष्ट फायदा प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर दिसतो. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात उभे राहणाऱ्या, चालणाऱ्या किंवा बसणाऱ्या स्त्रियांचा हा टप्पा आडवे पडून राहणाऱ्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी झाल्याचे २५ चाचण्यांच्या आढाव्यात आढळले. नवव्या महिन्यातल्या चालण्याची सवय तेव्हा कामी येते.

आयुर्वेदाची भूमिका काय?

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची महिन्यागणिक परिचर्या सांगितली आहे. नवव्या महिन्यात औषधी तेलाची अनुवासन बस्ती आणि त्याच तेलात भिजवलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, योनीमार्गात ठेवण्याचा उपचार त्यात येतो. याच अध्यायात कळा मंद असलेल्या स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे की नाही, याचीही चर्चा आहे. आत्रेयांनी त्याला स्पष्ट नकार दिला आहे आणि त्याऐवजी जांभई देणे व फिरणे सुचवले आहे. कळ आलेली नसताना जोर करू नये, असेही तेथे बजावले आहे. आजच्या प्रसूतीशास्त्राशी हे जुळणारे आहे. बस्ती आणि पिचूवर झालेले आधुनिक अभ्यास मात्र आकाराने लहान आहेत. हे उपचार घरी करण्याचे नाहीत. निर्जंतुक नसलेल्या बोळ्याने संसर्ग होऊ शकतो आणि गर्भजल फुटलेले असेल तर तो बाळापर्यंत पोहोचतो. ते घ्यायचेच असतील तर शिक्षित वैद्याच्या देखरेखीखाली आणि प्रसूतीतज्ज्ञाला कल्पना देऊनच घ्यावेत.

वेरूळसाठी अंतराचा प्रश्न का कळीचा?

गुंतागुंत झालीच तर वेरूळ परिसरातील गर्भवतीला छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘घाटी’ रुग्णालय किंवा खासगी रुग्णालय गाठावे लागते. शस्त्रक्रिया, रक्तपेढी आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी मिळतो तो तेथेच. खुलताबाद आणि दौलताबाद घाटातून जाणाऱ्या या रस्त्यावर दौलताबादच्या किल्ल्याजवळचा अरुंद दिल्ली दरवाजा लागतो आणि तेथे वाहतूक तुंबते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी, तर सुट्ट्यांत लेण्यांसाठी होणाऱ्या गर्दीची त्यात भर पडते. अशा वेळी घरी एरंडेल पिऊन मध्यरात्री किंवा गर्दीच्या दिवशी एकदम जोरात कळा सुरू झाल्या, तर शहरातल्या स्त्रीपेक्षा वेरूळच्या स्त्रीला मदत मिळायला अधिक वेळ लागतो. कळा केव्हा सुरू कराव्यात हे ठरवताना प्रसूती कुठे होणार आणि तेथे पोहोचायला किती वेळ लागणार, हा विचार आधी यायला हवा.

तारीख उलटली तर काय?

कळा आल्या नाहीत म्हणून ३८ किंवा ३९ आठवड्यांत घाबरण्याचे कारण नाही. पण अनिश्चित काळ वाट पाहणेही ‘नैसर्गिक’ म्हणून योग्य ठरत नाही. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाल्यावर रुग्णालयात कळा सुरू करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते, कारण त्यानंतर बाळाचा धोका वाढतो. मधुमेह, वाढलेला रक्तदाब किंवा बाळाची खुंटलेली वाढ असेल तर डॉक्टर त्याआधीही निर्णय घेऊ शकतात. पाणी जाणे, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप यांपैकी काहीही झाले तर कोणताही घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

मग खरी तयारी कोणती?

पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आता आरोग्य संस्थांमध्ये होतात. राज्याचा मातामृत्यू दरही २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आला. केरळनंतर देशातील हा सर्वांत कमी दर होता. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातील ४५ टक्क्यांहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे प्रमुख कारण आहे. अंगात रक्त कमी असलेली स्त्री थोड्या रक्तस्रावानेही खचते. त्यामुळे नवव्या महिन्यात विचारायचा पहिला प्रश्न ‘खजूर खाल्ले का’ हा नसून ‘हिमोग्लोबिन किती’ हा आहे. ते ११ पेक्षा कमी असेल तर उपचार वाढवावे लागतात, ७ पेक्षा कमी असेल तर रुग्णालयातच. लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी गर्भारपणात किमान १८० दिवस रोज घ्यायची असते आणि ती चहासोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, एवढी साधी गोष्टही अनेक घरांत सांगितली जात नाही.

दुसरी तयारी माणसाची. प्रसूतीच्या वेळी सतत सोबत असलेल्या स्त्रियांमध्ये आपोआप, साधनांशिवाय होणाऱ्या प्रसूती अधिक आणि सिझेरियन कमी आढळतात. २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आढाव्याचा हा निष्कर्ष आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबत स्त्री नातेवाईक ठेवण्याची मुभा केंद्राने २०१६ मध्येच दिली आहे. ही सोबत कोण करणार, हे आधी ठरवून रुग्णालयात विचारून ठेवायला हवे.

तिसरी तयारी वेळेची. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, रक्त आणि १०२ क्रमांकाची गाडी मोफत आहे. आणीबाणीत १०८ आहे. आशाताईंकडे तारीख नोंदवणे, तपासणीची कागदपत्रे एका पिशवीत ठेवणे, गाडीचा पर्याय ठरवणे आणि जोखीम असेल तर तारखेच्या काही दिवस आधीच शहरातल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जाणे, या गोष्टी कोणत्याही काढ्यापेक्षा अधिक कामाच्या आहेत. कळा शरीर आपल्या वेळेने आणतेच. त्या येतील तेव्हा रक्त पुरेसे, सोबत पक्की आणि गाडी हाताशी असावी, एवढे मात्र घराला नक्की करता येते.