विरळ हवेतील घरटी

हिवाळ्यात जायकवाडीच्या जलाशयावर करड्या रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उतरतात. हे पट्टकादंब. विद्यार्थीमित्रहो, उन्हाळ्यात हे पक्षी कोठे जातात? हिमालय ओलांडून ते तिबेट व मध्य आशियातील पठारांवर जातात. भारतात त्यांची वीण होते ती लडाखमधील त्सो मोरिरी, त्सो कार अशा सरोवरांकाठी.

ही दोन्ही सरोवरे चांगथांग अभयारण्यात, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहेत. काळ्या मानेचे क्रौंच येथे घरटी करतात. शेजारच्या माळांवर कियांग ही रानगाढवे चरतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्सो मोरिरीचा २००२ मध्ये व त्सो कारचा २०२० मध्ये समावेश झाला. पण यादीत नाव आले म्हणजे रक्षण झाले काय? माझ्या मते, नाही. का ते पाहू.

पंखांना मिळणारी उचल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच असते. पक्ष्याचे वजन मात्र तेवढेच राहते. तेव्हा तेवढीच उचल मिळवण्यास वेग सुमारे सव्वापट हवा. वहीत आकडेमोड करून पाहा! शिवाय प्रत्येक श्वासात प्राणवायूही कमी. पट्टकादंबाचे हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट पकडते, हे खरे. तरीही तो शक्ती जपूनच वापरतो. हिमालय ओलांडताना तो सतत उंचावर न राहता डोंगरदऱ्यांच्या चढउतारांप्रमाणे वरखाली उडतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

अशा काटकसरी पक्ष्याला आपण विनाकारण उडवले तर? छायाचित्रासाठी कोणी मोटार थेट पाण्याकाठी नेतो, पक्षी उडतात. त्यांची शक्ती वाया जाते आणि अंडी थंडीत उघडी पडतात. प्रवाशांनी टाकलेल्या खरकट्यावर पोसलेली भटकी कुत्री अंडी-पिल्ले फस्त करतात. क्रौंचाची मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि तेथील उन्हाळाही थोडक्या दिवसांचा. गेलेले घरटे पुन्हा उभारायला वेळ कोठून आणायचा?

यावर उपाय म्हणून तेथील चांगपा पशुपालकांना हाकलून देण्याची गरज नाही. ते पिढ्यान् पिढ्या या कुरणांवर राहत आले आहेत. मोटारी रस्त्यावरच थांबाव्यात, कचरा ज्याचा त्याने परत न्यावा आणि विणीच्या काळात काठापासून दूर राहावे, एवढे नियम कसोशीने पाळले तरी पुष्कळ होईल.

आणि या नियमांचा सराव आपल्या गावच्या तळ्यावरही करता येईल. पक्षी जरूर पाहा, पण लांबून. दुर्बीण आहे ती त्यासाठीच!