रांगेतली शेवटची घागर

स्काऊट-गाईडच्या तासाला दरवर्षी एकच गलका असतो. ‘बाई, मला संघनायक करा ना!’ सहा ते आठ जणांचा एक संघ आणि त्याचा पुढारी तो संघनायक. शिट्टी गळ्यात अडकवायला कोणाला नको असते? मग मी त्यांना लातूरची गोष्ट सांगते.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण आटलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलात मिरजेहून चक्क रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर!

आमच्या गल्लीत टँकर आला की नुसती झुंबड. एके दिवशी सहावीतली एक गाईड पुढे झाली. आरडाओरडा नाही. तिने खडूने रस्त्यावर घरांचे नंबर लिहिले आणि त्या क्रमाने घागरी मांडायला लावल्या.

एक काका तडकले, ‘तू कोण गं सांगणारी?’

‘काका, माझी घागर सगळ्यात शेवटी हाय, बघा की.’

खरंच होती. काका गप्प.

पण दुसऱ्या दिवशी टँकर मधेच संपला. तिची घागर रिकामीच राहिली. तिची आई माझ्यावर चिडली, आणि तिचं काय चुकलं हो? संध्याकाळी मुलं ओट्यावर बसली, वाद घातला आणि ठरवलं : काल ज्यांचं राहिलं, ते आज पहिले.

सकाळी तिची घागर सर्वांत पुढे होती. ती उचलून काकांनीच तिथे ठेवली होती.