मिठाचा उपदेश आणि भाजीचा भाव

‘मीठ कमी खा’ हा उपदेश हल्ली फार स्वस्त झाला आहे. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर तो आहे, वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतही आहे. त्यामागील शास्त्र खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. आपल्या देशात माणशी ८ ते ११ ग्रॅम खाल्ले जाते, असे निरनिराळ्या पाहण्यांचे अंदाज आहेत. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढतो आणि चढलेला रक्तदाब पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार यांना वाट करून देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील वयाचे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या आढळल्या. तेव्हा आमचे भांडण शास्त्राशी नाही. हा उपदेश कोणाला केला जातो आणि कोणाला केला जात नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मुळशी तालुक्यातील माण हे गाव घ्या. हिंजवडीला लागून असलेल्या या गावच्या शिवारात एके काळी भातखाचरे होती. त्यांतील मोठा भाग औद्योगिक विकास महामंडळाने संपादन केला आणि तेथे संगणक उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणारा बिगारी पत्र्याच्या खोलीत राहतो. तो मराठवाड्यातून आला असेल तर भाकरीबरोबर ठेचा खातो, बिहार-झारखंडातून आला असेल तर भाताबरोबर लोणचे. भाकरीला कोरड्यास नसले की मीठ-मिरची हेच कोरड्यास, हे आपल्या खेड्यापाड्यांतील कोणत्याही बाईला ठाऊक आहे. ही जिभेची चैन नव्हे. पोटात कोरडा घास उतरावा म्हणून केलेली ती तडजोड आहे.

आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जाते, कारखान्यातल्या पाकिटांतून नव्हे, असा युक्तिवाद खाद्यपदार्थांच्या कंपन्यांचे कैवारी करतात. वस्तुस्थिती म्हणून तो आज बव्हंशी खरा आहे, आणि तो आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पण घरचे जेवण खारट का, हे ते विचारीत नाहीत. सोडियमचा जाच सौम्य करणारे पोटॅशियम भाज्या, फळे आणि कडधान्ये यांत असते. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी व फळे सांगते. चौघांच्या कुटुंबाला ती रोज १.६ किलो, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याला ४८ किलो. हा आकडा घेऊन वाचकांनी आपल्या गावच्या बाजारात जावे, भाव विचारावा आणि बिगाऱ्याच्या मजुरीशी तो ताडून पाहावा. अर्थशास्त्राचा अख्खा एक धडा त्या एका फेरीत शिकून होईल. घाम गाळणाऱ्याला मीठ लागतेच, असे मुकादम सांगतात. घामातून मीठ जाते हे खरे. पण उन्हाला सरावलेले शरीर घामातले मीठ राखू लागते. बांधकामावर पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय न करणाऱ्यांच्या तोंडी हे शरीरशास्त्र शोभत नाही.

फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना मिठावरील कर घटविण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरात लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्याही याच करापायी. तेव्हा राज्यकर्त्यांनी गरिबाचे मीठ महाग केले होते. आज मीठ तेवढे स्वस्त आहे, आणि त्याला जोड द्यायची भाजी हाताबाहेर गेली आहे.

पाकिटांचे प्रमाणही वाढतच आहे. कामाच्या ठिकाणी चूल नाही, वेळ नाही. चहाच्या टपरीवर लटकणारी शेव-फरसाणाची लहान पाकिटे हेच मग दुपारचे जेवण होते. या वेष्टनबंद नमकीनवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, आणि त्याला सर्वसामान्यांना दिलासा म्हणण्यात आले! चिली देशाने २०१६ पासून जादा मिठाच्या पाकिटावर काळा इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे देण्याची कल्पना मांडली. तीत मिठाचे अवगुण तंतू, फळे वा सुकामेवा यांच्या गुणांनी झाकता येतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घातली. ती वाढवून घेण्यात आली. विषाची परीक्षा ग्राहकानेच घ्यावी, असे हे धोरण आहे.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना असे मीठ घातक ठरू शकते, म्हणून दवाखान्यात तपासणीची जोड हवीच. पण आपल्याकडे ते साध्या मिठाच्या कितीतरी पट दराने शहरी दुकानांत विकले जाते. ज्याला ते हवे त्याच्या हाती पोहोचत नाही. ते रेशन दुकानातून साध्या मिठाच्या भावात मिळाले पाहिजे. वेष्टनबंद पदार्थांतील मिठाला दक्षिण आफ्रिकेप्रमाणे कायद्याने कमाल मर्यादा हवी. कंपन्यांच्या सदिच्छेवर विसंबून चालणार नाही.

आणि माणमध्ये? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितेत १०० किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी उपाहारगृहाची तरतूद आहे. या संहितांवर आमचे आक्षेप अनेक आहेत, ते वेगळे. पण कागदावर आहे ते तरी वसूल करावे. प्रत्येक मोठ्या बांधकामावर उपाहारगृह आहे काय, त्यात माणशी किती भाजी शिजते आणि किती मीठ पडते, याची मोजणी कामगार संघटनांनी स्वतः करावी, आणि तो हिशेब ठेकेदारापुढे नव्हे, मूळ मालकापुढे ठेवावा.