अंगणातील वृक्षाचा निरोप

ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली की नाशिकच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे भारे येऊन पडतात आणि पंचवटीतील वडांभोवती सुवासिनींची दाटी होते. अशा दिवसांत सावित्रीचे आख्यान लावावे, हा कीर्तनकाराचा धर्मच होय. परंतु अलीकडे या सुमारास आमच्याकडे येणारी कित्येक गृहस्थ मंडळी आख्यान ठरविण्यासाठी येत नाहीत. जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी राहावयाची असते, अंगणात आजोबांच्या वेळचा उंबर किंवा पिंपळ असतो, आणि तो तोडल्यास दोष लागतो काय, लागत असल्यास शांत कोणती करावी, असे ते विचारतात. यजमानांचा स्वर व्यवहारी असतो. सोबत आलेल्या त्यांच्या मातोश्री मात्र बहुधा गप्प असतात. सून म्हणून त्या घरात आल्या तेव्हापासून त्या झाडाला पाणी त्यांनीच घातलेले असते.

एका झाडासाठी एवढे दुःख कशाला, असे घरातील तरुणांस वाटते. आम्हांस ते दुःख मुळीच पोरकट वाटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय आला आहे. तेथे आंबा-फणसादी झाडांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा आशय आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच ते तोडावे, असेही तेथे सांगितले आहे. राज्याला जहाजांसाठी लाकूड हवे असतानाही झाड लावणाऱ्याच्या दुःखाची दखल घेतली जात होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शास्त्राचे म्हणाल तर ते याहूनही स्पष्ट आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वनसंप्रवेश नावाचा एक अध्याय आहे. देवाची मूर्ती घडविण्यासाठी रानातून लाकूड कसे आणावे, हा त्याचा विषय. आदल्या रात्री वृक्षाची पूजा करावी, बली अर्पण करावा, त्यावर राहणाऱ्या भूतांना दुसरीकडे वास करण्याची विनंती करावी आणि मग सकाळी कुऱ्हाड चालवावी, असा तो विधी. आमच्याकडे येणारी मंडळी हाच विधी मागतात. पण त्याच अध्यायात कोणती झाडे मुळीच घेऊ नयेत, याचीही यादी आहे, ती कोणी विचारीत नाही. देवालयातील, उद्यानातील, तापसांच्या आश्रमातील, नदीसंगमावरील झाडे तिच्यात येतात. आणि घागरीने पाणी घालून वाढविलेली झाडेही येतात! प्रत्यक्ष देवाच्या मूर्तीसाठीसुद्धा जे झाड वर्ज्य, ते मोटारी उभ्या करावयास जागा हवी म्हणून तोडावे आणि त्यासाठी आम्ही शांत सांगावी, हे आमच्याने होत नाही. हिरवेगार झाड तोडण्यासाठी आम्ही शांत सांगत नाही. यजमान नाराज होतात; दक्षिणाही जाते. त्याला इलाज नाही.

या यादीतील आश्रम आणि संगम हे दोन शब्द नाशिककरांनी जरा थांबून वाचावेत. आमचे तपोवन गोदावरी आणि कपिला यांच्या संगमावरच आहे. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना तेथील १,७००हून अधिक झाडांच्या तोडीचा, पुनर्रोपणाचा व छाटणीचा विषय महापालिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढे आणला, तेव्हा शहरातून मोठा विरोध झाला. साधूंची सोय झालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण तपस्व्यांच्या निवाऱ्यासाठी तपोवनच मोकळे करावे, ही कल्पना आम्हांस धार्मिक वाटत नाही.

एका झाडाच्या बदली अनेक रोपे लावू, असे उत्तर नेहमी मिळते. महाराष्ट्राच्या वृक्ष अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. खासगी अंगणातील झाडालाही परवानगी लागतेच. कायदा चांगला आहे. तथापि ८० वर्षांच्या उंबराची जागा ८० रोपे लगेच घेऊ शकत नाहीत. इतर झाडांना फळ नसते अशा दिवसांतही उंबर, वड, पिंपळ यांपैकी कोणी ना कोणी फळलेले असते, आणि पाखरे, वटवाघळे, खारी त्यावर जगतात. उंबराच्या फळातील बारीक किडीवाचून त्याचे परागण होत नाही, आणि त्या किडीलाही उंबरावाचून थारा नाही. वराहमिहिराने ज्यांची क्षमा मागावयास सांगितले ती भूते कोण, असे श्रोते विचारतात तेव्हा आम्ही हीच मंडळी दाखवितो.

मात्र मेलेले झाड श्रद्धेपोटी उभे ठेवू नये. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी मंदिराच्या पत्र्याच्या सभामंडपावर वादळात जुना निंब कोसळला आणि ७ भाविक दगावले. खोड पोकळ झाले असेल, मुळे कुजली असतील, तर जाणकाराकडून पाहून, रीतसर परवानगी घेऊन झाड उतरवावे. त्यात दोष नाही. पुष्कळदा ही पाळी आपणच आणतो. बुंध्यापर्यंत फरशी आणि सिमेंट घातले की मुळांना ना पाणी मिळते ना वारा.

जाणारच असलेल्या झाडाला निरोप द्यावा तो असा. पाखरांची वीण संपू द्यावी. आदल्या संध्याकाळी घरातील सर्वांनी बुंध्याशी दिवा लावावा. लाकूड सगळेच वखारीत घालू नये. पिंपळाच्या समिधा गुरूला, उंबराच्या शुक्राला लागतात, त्या घरात ठेवाव्यात. झाड वडाचे असेल तर मनगटाएवढी एक फांदी पावसाच्या तोंडी ओल्या मातीत रोवावी, ती मूळ धरते. नव्या इमारतीच्या पायाशी ती लावू नये, गावाबाहेर मोकळ्या जागी लावावी. आणि ती जागा कोणती, हे घरातील मातोश्रींना विचारावे.