गिरदावरी, पंचनामा आणि मत

मदत वेळेवर पोहोचली की पूरग्रस्त मतदार उपकृत होतो आणि ती रखडली की मतपेटीतून सूड उगवतो, असा एक ठोकताळा राजकीय चर्चेत वर्षानुवर्षे चालत आला आहे. २०२५ च्या पावसाळ्यात या ठोकत्याळ्याला दोन बाजूंनी खतपाणी मिळाले. ऑगस्टच्या अखेरीस रावी, बियास आणि सतलज यांनी पंजाब बुडवला. राज्यातील सर्व २३ जिल्हे पूरग्रस्त जाहीर झाले. त्यानंतर तीन-चार आठवड्यांतच सीना, मांजरा आणि तेरणा यांनी सोलापूर-धाराशिवपासून मराठवाड्यापर्यंत हाहाकार माजवला. चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला एकाच महिन्यात दोन महापूर भोगावे लागले, एक नोकरीच्या मुलखातला आणि दुसरा गावाकडचा. शास्त्री मार्केटच्या गर्दीत पटवारी आणि गिरदावरी हे शब्द कानी पडत आणि घरी फोनवर तलाठी आणि पंचनामा. (तलाठ्याला महाराष्ट्र सरकारने ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव दिले आहे, फोनवर मात्र तो तलाठीच असतो.) दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघत होता: आता सरकारचे काही खरे नाही.

हा निष्कर्ष घाईचा होता, हे पुढील काही महिन्यांत दिसून आले. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी तरन तारनच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि आम आदमी पक्षाचे हरमीतसिंग संधू बारा हजारांवर मतांनी विजयी झाले. महाराष्ट्रात २१ डिसेंबरला नगरपरिषदांचे निकाल आले आणि महायुतीचा वरचष्मा स्पष्ट झाला. अर्थात यावरून मदतीने मते मिळाली, असेही म्हणता येणार नाही. पोटनिवडणुकीत सत्ताधारी पक्षाला नेहमीचा लाभ असतो. आणि नगरपरिषदेचा मतदार शहरातला, तर पुराने खरवडून नेलेली माती शेतातली. ज्याची जमीन गेली त्याला त्या दिवशी कुणी विचारलेच नव्हते.

या प्रश्नाचा खरा अभ्यास करायचा तर २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीकडे वळले पाहिजे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा-पंचगंगेने दोन्ही जिल्हे वेढले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे दगावली. विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला, म्हणजे पाणी ओसरून जेमतेम दोन महिने झाले होते. घरांच्या भिंतींवरील पाण्याच्या खुणा वाळल्या नव्हत्या, अशा स्थितीत मतदार केंद्रावर गेला. २०१४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील दहापैकी सहा जागा शिवसेनेकडे आणि दोन भाजपकडे होत्या. २०१९ मध्ये भाजपची पाटी कोरी राहिली आणि शिवसेनेकडे राधानगरी तेवढी उरली. काँग्रेस शून्यावरून चारवर गेली. पुराचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या शिरोळमध्ये सेनेच्या आमदाराचा पराभव एका अपक्षाने केला, आणि तोच अपक्ष पुढे सेनेच्या नेतृत्वाखालील सरकारात राज्यमंत्री झाला! मतदाराचा राग पक्षावर होता की माणसावर, या प्रश्नाचे उत्तर राजकारणाने असे परस्पर देऊन टाकले.

सारे श्रेय पुराला देण्याचा मोह आवरायला हवा. कोल्हापूरचे राजकारण गटांचे, घराण्यांचे आणि दूध संघाचे. त्याच वर्षीच्या लोकसभेपासून 'आमचं ठरलंय' ही घोषणा जिल्हाभर घुमत होती आणि युतीतले भांडण चव्हाट्यावर आले होते. शिवाय शेजारच्या सांगलीने वेगळीच साक्ष दिली. जी सांगली पाण्यात बुडाली, तिथे भाजपचे सुधीर गाडगीळ थोड्या मतांनी का होईना, टिकले. मिरजेत सुरेश खाडेही टिकले. भाजपने गमावलेल्या दोन जागांपैकी एक होती जत, जिथे पुराचे नव्हे, दुष्काळाचे दुखणे आहे. तेव्हा पूर आला आणि सरकारपक्ष पडला, इतके सरळ समीकरण मांडता येत नाही.

मग नेमके काय घडले? या लेखकाच्या मते मतदाराने मदतीची रक्कम मोजली नाही, मदत देणाऱ्याचा चेहरा पाहिला. त्या ऑगस्टमधील तीन गोष्टी आठवाव्यात. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल तरच मोफत धान्य, या अटीचा शासन निर्णय बाहेर आला. नियम जुना असेल, अधिकाऱ्यांनी तो निमूटपणे उतरवला असेल. पण छपरावर बसलेल्या माणसाने ४८ तासांचा हिशेब ठेवायचा, हा अर्थ लोकांनी काढला आणि तो चुकीचा नव्हता. दुसरी गोष्ट, पूरपाहणीच्या बोटीतील मंत्र्यांची हसरी चित्रफीत. तिसरी, इचलकरंजीत धान्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्र्यांच्या आणि स्थानिक आमदार सुरेश हाळवणकर यांच्या छबीचे स्टिकर. हाळवणकर मोठ्या फरकाने पराभूत झाले. कोल्हापूरचे महसूलमंत्री चंद्रकांत पाटील यांनी निवडणूक लढवली ती पुण्याच्या कोथरूडमधून. तामिळनाडूत डिसेंबर २०१५ च्या चेन्नई पुरात मदतीच्या पाकिटांवर जयललितांची छबी चिकटवण्याचा असाच उद्योग झाला होता. २०१६ मध्ये राज्य त्यांनी राखले, पण चेन्नई शहरातील बहुसंख्य जागा द्रमुकने नेल्या.

याच्या अगदी उलट उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, भूकंपाने हजारो माणसे गिळली. मुख्यमंत्री शरद पवार सकाळीच तिथे पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचे दाखले पुढे प्रशासनाच्या वर्तुळात दिले गेले. जागतिक बँकेच्या साह्याने गावेच्या गावे नव्याने वसली. आपत्ती व्यवस्थापनाचा असा धडा देशात क्वचितच गिरवला गेला असेल. आणि १९९५ चा निकाल? काँग्रेस ८० वर घसरली, सेना-भाजप युती सत्तेवर आली, आणि लातूर मतदारसंघात खुद्द विलासराव देशमुख शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून पराभूत झाले. उमरग्याची जागा शिवसेनेने घेतली. त्या निवडणुकीत मुंबईची दंगल, बॉम्बस्फोट, एन्रॉन, खैरनारांचे आरोप आणि काँग्रेसमधली बंडखोरी असे अनेक विषय होते, हे खरेच. तरीही कृतज्ञता हे मतदानाचे भरवशाचे कारण नाही, एवढे लातूरने दाखवून दिले. उत्तम पुनर्वसन मिळालेला माणूस दीड वर्षाने मत देतो तेव्हा तो नव्या घराचा आकार, जुन्या शेतापासूनचे अंतर आणि शेजाऱ्याला मिळालेला मोठा गाळा यांचाच विचार करत असतो. त्यात गैर तरी काय?

परदेशातील संशोधन याला पुष्टी देते, आणि थोडी भरही घालते. २००२ मध्ये एल्बे नदीच्या पुरात जर्मनीचे चॅन्सलर श्रोडर गमबूट चढवून उतरले. पूरग्रस्त भागात त्यांच्या पक्षाला सुमारे सात टक्के मतांचा लाभ झाला, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याचा बराचसा भाग विरून गेला. हीली आणि मल्होत्रा या अभ्यासकांनी अमेरिकेत दाखवून दिले की मतदार आपत्तीनंतरच्या मदतीला बक्षीस देतो, आपत्तीपूर्व तयारीला देत नाही. वास्तविक तयारीवरील खर्च कितीतरी पट नुकसान वाचवतो. भारतीय निवडणुकांचा अभ्यास करणारे कोल, हीली आणि वर्कर सांगतात की आपल्याकडे अवर्षण-अतिवृष्टीची शिक्षा सरकारला मिळतेच. तत्पर मदतीने ती सौम्य होते, पुसली जात नाही.

म्हणजे सरकारच्या दृष्टीने पॅकेज हे बक्षिसाचे तिकीट नाही. फार तर दंडात सूट. हे ध्यानात घेतले की ७ ऑक्टोबर २०२५ चे महाराष्ट्राचे ३१,६२८ कोटींचे पॅकेज आणि ९ सप्टेंबरला पंतप्रधानांनी गुरदासपूरमध्ये जाहीर केलेले १,६०० कोटी यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. पंजाबातील वाद तर आकड्यांच्याच रिंगणात अडकला. राज्य आपत्ती निधीत १२,००० कोटी पडून आहेत असे केंद्र म्हणे, आणि ते कुठे आहेत असे राज्य विचारी. सतलजकाठच्या शेतकऱ्याला या वादात रस नव्हता. त्याच्या शेतात वाळूचा थर होता. 'ज्याचे शेत, त्याची वाळू' हे पंजाब सरकारचे धोरण त्याला चटकन कळले, कारण ते त्याच्या बांधावर येऊन बोलत होते. एकरी २०,००० ही रक्कमही त्याला तोंडपाठ होती. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मात्र हेक्टरी ८,५०० चा निकष, तीन हेक्टरांची मर्यादा, रब्बीसाठी वेगळे १०,००० आणि ई-केवायसी अशी बेरीज-वजाबाकी करावी लागली. पॅकेजचा आकडा राजधानीत मोठा दिसतो आणि सातबाऱ्यावर उतरता उतरता लहान होतो.

पंजाबात आणखी एक गोष्ट प्रकर्षाने दिसली. सरकारच्या आधी गुरुद्वारे आणि गावोगावचे ट्रॅक्टर पोहोचले. समाज एवढा सक्षम असला की सरकारचे श्रेय आपोआप पातळ होते, दोषही कदाचित. मात्र मतदानाचा मार्गच बंद असतो तेव्हा दोषाचे काय होते, हे चंदीगडने पाहिले आहे. १९८८ च्या सप्टेंबरात पंजाबात महापूर आला तेव्हा तिथे राष्ट्रपती राजवट होती. पुराचे खापर धरणांतून सोडलेल्या पाण्यावर फुटले, आणि नोव्हेंबरमध्ये भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष मेजर जनरल बी. एन. कुमार यांची याच शहरात अतिरेक्यांनी गोळ्या घालून हत्या केली. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे असे मानणाऱ्या अभियंत्यांनी तो प्रसंग विसरू नये.

तयारीला मत मिळतच नाही, हे मात्र पूर्ण खरे नव्हे. १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशातील काँग्रेसची सत्ता बुडवली. नवीन पटनायक सत्तेवर आले. २०१३ मध्ये फायलिन येण्यापूर्वी सुमारे दहा लाख माणसे हलवण्यात आली आणि २०१४ मध्ये बिजू जनता दलाने १४७ पैकी ११७ जागा जिंकल्या. तयारी मतदाराला दिसली, कारण निवारा केंद्राची इमारत गावातच उभी होती आणि वादळाआधी दारावर थाप पडली होती. कृष्णाकाठी अशी थाप कोण मारणार? पूररेषेतील बांधकाम थांबवणे ही तिथली खरी तयारी, आणि ती थांबवणारा नगरसेवक पुन्हा निवडून येणे अवघड. म्हणून अलमट्टीच्या उंचीवर सर्वपक्षीय एकमत होते, पूररेषेवर होत नाही.

राहिला प्रश्न सेक्टर २२ मधल्या मराठी मतदाराचा. विट्या-आटपाडीचा गलाई व्यावसायिक असो की केंद्रीय कार्यालयातला लेखाधिकारी, गावाकडच्या घराचा पंचनामा त्याच्या गैरहजेरीत होतो आणि मतदानही. ज्यांनी नाव इथल्या यादीत आणले, त्यांचे मत चंदीगडच्या एकमेव लोकसभा जागेसाठी. २०२४ मध्ये ती मनीष तिवारींनी अवघ्या २,५०४ मतांनी जिंकली, म्हणजे एकेका वस्तीचे मतही इथे निर्णायक. ज्यांनी नाव गावी ठेवले, त्यांना मतदानासाठी दोन दिवसांचा रेल्वेप्रवास. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवला. विरोधकांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. पुरानंतर गावी पैसे पाठवणारा, तहसीलदाराला फोन करणारा आणि सरकारी मदत कुठे कमी पडली हे नेमके ठाऊक असणारा हा माणूस. पुराचा हिशेब मागण्याच्या दिवशी त्याचीच जागा रिकामी असते.