फोन आमच्या खिशात, चावी दुसऱ्याच्या हातात

मार्केट यार्डात फळे-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो आणि मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. म्हणून आमच्यासारख्या लहान कापड व्यापाऱ्याचा खरेदीचा प्रवास वर्षानुवर्षे ठरलेला आहे. शुक्रवारी रात्री पुणे सोडायचे, शनिवारी मालेगावात माल पाहावयाचा आणि रविवारी सकाळी दुकानाचे शटर वर करावयाचे. आमचे गिऱ्हाईक म्हणजे हमाल, तोलणार, टेम्पोवाले आणि माल घेऊन आलेले शेतकरी. लुंगी, पंचा, टॉवेल, चादर हा आमचा माल. त्यासाठी मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी आणि ईदच्या आधी सुरत, असे महिन्यातून तीन-चार वेळा घराबाहेर पडावे लागते. आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचीही हीच स्थिती आहे.

या प्रवासाचे सामान गेल्या तीस वर्षांत किती बदलले! पूर्वी कमरेला पैशांचा पट्टा, बंडीच्या आतल्या खिशात डायरी, पिशवीत रेल्वेचे वेळापत्रक, नमुन्याच्या चिंध्या आणि धागे मोजावयाचे भिंग असे. घरी निरोप द्यावयाचा तर एसटीडी बूथवर रात्री दर कमी होण्याची वाट पाहत रांगेत उभे राहावे लागे. पुढे मोबाइल आला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले आणि मग आमच्या खिशातही मोबाइल आला. आज तिकीट, पैसे, नमुने, पत्ते, हिशोबाची वही, सर्व काही त्या एका डबीत जाऊन बसले आहे. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. आमचे म्हणणे वेगळेच आहे. ही डबी आम्ही खिशात घेऊन फिरतो खरे, पण ती चालवतो मुलगा, भाचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानातला पोरगा. पासवर्ड त्यांना ठाऊक, पिन त्यांनीच ठरविलेला. ज्याला तिजोरीचे कुलूप उघडता येत नाही त्याला त्या तिजोरीचा मालक कसे म्हणावे?

आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत, रमजानच्या खरेदीसाठी आम्ही सुरतला गेलो होतो. दिवसभर रिंग रोडच्या बाजारात फिरून ड्रेसचे कापड पसंत केले, थोडा बयाणा दिला. संध्याकाळी स्टेशनला येताना गर्दीच्या बसमध्ये कोणीतरी फोन काढून घेतला. स्टेशनवर उतरून खिशात हात घातला तेव्हा आमच्याजवळ एकशे चाळीस रुपये रोख आणि एक तस्बीह होती. परतीचे तिकीट फोनमध्ये. पैसे फोनमध्ये. कोणत्या गाळ्यात किती माल सांगितला त्याची यादी, तिचाही फोटो काढून आम्ही कागद फेकून दिला होता. एका भल्या माणसाने आपला फोन पुढे केला, ‘चाचा, घरी लावा.’ आम्ही फोन हातात घेतला आणि तसेच उभे राहिलो. घरातल्या एकाचाही नंबर तोंडपाठ नव्हता! एकच नंबर आठवत होता, दुकानाच्या जुन्या लँडलाइनचा, आणि तो बंद होऊन दहा वर्षे झाली होती.

शेवटी पायी बाजारात परत गेलो. ज्यांच्याकडून वीस वर्षे माल घेतो त्या गुजराती शेठजींच्या पेढीचे शटर अर्धे खाली आले होते. त्यांनी पाणी दिले, दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि आमच्या देखत वहीत लिहिलेसुद्धा नाही. पुण्याला आलो तर पुढचा घोळ सुरू झाला. बँकेच्या ॲपचा पासवर्ड भाच्याला ठाऊक, आणि भाचा लग्नासाठी गावी गेलेला, त्याचा फोन लागेना. नवे सिम घेतले, तेव्हा कळले की बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. हा नियम चोराला अडविण्यासाठी आहे आणि योग्यच आहे. पण एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे बाकी रक्कमही देता येत नाही. नव्या फोनवर यूपीआय चालू झाले तरी सुरुवातीचा एक दिवस रकमेची मर्यादा फार कमी असते, हेही तेव्हाच समजले. तीन दिवस माल अडून राहिला. शेठजींनी तो दुसऱ्याला विकला नाही, हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या कोणी विकला असता तर आम्ही त्याला दोष कसा देणार?

त्यानंतर आम्ही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी फोन शिकावयास बसलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी वाचतो, पण इंग्रजी अक्षर दिसले की आजही अंगठा थबकतो. आमच्या पिढीतील पुष्कळांची हीच अडचण आहे आणि तिची लाज वाटून आपण फोन दुसऱ्याच्या हातात देतो. वास्तविक लाज वाटण्याचे कारण उरलेले नाही. फोनमध्ये उर्दूचा कळफलक आहे, बोलून लिहिण्याची सोय आहे. गाडी कोठे आहे ते दाखविणारे ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप मराठीत चालते, आणि आपण गाडीत बसलेले असू तर मोबाइलच्या टॉवरवरून गाडीचा ठावठिकाणा सांगते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मनमाडला पहाटे उतरणाऱ्याला याचे महत्त्व सांगावयास नको. मालेगावला रेल्वे नाही आणि झोप लागून मनमाड मागे पडले तर दिवस वाया जातो. सुरतेचे गुजराती बिल कॅमेऱ्यासमोर धरले की त्याचा अर्थ मराठीत दिसतो. पूर्वी आम्ही अशी बिले वाचून घेण्यासाठी शेजारच्या मारवाडी मित्राकडे जात असू, चहाही होत असे. आता चहासाठी दुसरे निमित्त शोधावे लागते.

एक गोष्ट आम्ही स्वतः अनुभवाने ठरविली आहे. मालाची मागणी नुसत्या आवाजाच्या निरोपाने देऊ नये. आमच्या ‘बावीस डझन’चे समोरच्याने ‘बत्तीस’ ऐकले आणि दहा डझन टॉवेल पावसाळाभर उरावर बसले. आता आम्ही कागदावर उर्दूत स्वच्छ चिठ्ठी लिहितो, आकडा अंकात आणि अक्षरात घालतो आणि तिचा फोटो पाठवितो. मालेगावच्या आमच्या विणकर बांधवांना ती लगेच वाचता येते आणि दोन्हीकडे पुरावा राहतो.

आता रेल्वेच्या तिकिटाविषयी, कारण येथे आपल्या लोकांचे नुकसान होत आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीवरून तिकिटे मिळू लागली, पण आपण बहुतेक जण एजंटाकडेच जात राहिलो. तत्काळचे तिकीट तर त्याच्याशिवाय मिळतच नाही, असा समज होता. १ जुलै २०२५ पासून नियम बदलला. ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यावरून मिळू लागले, १५ जुलैपासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपीही आवश्यक झाला, आणि वातानुकूलित डब्यांसाठी १० वाजता व इतरांसाठी ११ वाजता खिडकी उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही बंदी झाली. म्हणजे ज्याचे खाते स्वतःचे आणि पडताळलेले, त्याचा फायदाच झाला. मग अडचण कोठे आहे? अडचण आपल्या नावात आहे.

आधारवर ‘मो. सलीम’, बँकेत ‘मोहम्मद सलीम’, शाळेच्या दाखल्यावर ‘मुहम्मद सलीम’, तिकिटाच्या खात्यावर भाच्याने घातलेले नुसते ‘सलीम शेख’. चारही माणसे एकच आहेत, हे घरच्यांना कळते, यंत्राला कळत नाही. नाव, जन्मतारीख जुळली नाही की पडताळणी अडते. मग आपण चिडून पुन्हा एजंटाकडे जातो, त्याला आपला ओटीपी सांगतो आणि दुप्पट पैसे देतो. शेख की शैख, कादर की कादिर, आडनाव आधी की नंतर, हा प्रश्न एकदाच घरात बसून सोडवावा. सर्व कागद समोर पसरावेत, एक लेखन ठरवावे आणि बाकीचे त्याप्रमाणे करून घ्यावेत. तिकिटाच्या खात्यावरील नाव बदलणे सोपे. आधारवरील नाव मात्र आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तेथे घाई करू नये. ज्या मोबाइल नंबरवर आधारचा ओटीपी येतो तो चालू आहे ना, हेही पाहावे. आमच्या ओळखीच्या एका रफूगरांचा आधारशी जोडलेला नंबर सहा वर्षांपूर्वी बंद पडला होता आणि त्यांना त्याची खबर नव्हती.

ओटीपी म्हणजे आपली सही आहे. कोऱ्या कागदावर सही करून तो कागद आपण मोबाइलच्या दुकानात ठेवून येऊ का? तरी ‘लवकर सांगा चाचा, वेळ संपतोय’ असे कोणी म्हटले की आपण सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवितो, तेही गजबजलेल्या रस्त्यावर. पैसे गेल्याचे लक्षात आले तर १९३० या नंबरवर त्याच घटकेला तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि फोनच चोरीस गेला तर आधी सिम बंद करावे, कारण सर्व ओटीपी त्यावरच येतात. मग बँकेला कळवावे, मग पोलिसांत तक्रार द्यावी आणि ती घेऊन ‘संचार साथी’ या सरकारी सेवेवरून तो फोनच बंद करून टाकावा. ही सेवा २०२३ च्या मे महिन्यापासून आहे. आमचा फोन फेब्रुवारीत गेला होता!

आता आम्ही दोन फोन बाळगतो. दुसरा साधा, बटणांचा, वेगळ्या कंपनीच्या सिमचा, आणि तो नंबर वेगळ्या बँकेतील लहानशा खात्याला जोडलेला. साध्या फोनवरूनही २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’द्वारे पैसे देता येतात, आणि त्याची मर्यादा २०२५ च्या आरंभी दहा हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. परक्या गावातून घरी येण्यास तेवढे पुरेसे आहेत. मोठा फोन सुरतेत गेला तरी लहान फोन पुण्याला पोहोचवील. पाकिटात पाचशेच्या चार नोटा, मूळ ओळखपत्र, तिकिटाचा छापील कागद आणि पाच नंबर लिहिलेला पुठ्ठा असतो. मुलगा हसतो. हसू दे.

बॅटरीचे भान आपल्याला अजून आलेले नाही. रेल्वेने २०२१ मध्ये सुरक्षेसाठी रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातील चार्जिंग बंद ठेवण्याची सूचना केली होती. म्हणून गाडीत बसल्याबरोबर फोन लावावा, अंथरूण नंतर घालावे. पॉवर बँक जवळ असावी, मात्र विमानाने उमराहला किंवा दुबईला जाणाऱ्यांनी ती हातातील पिशवीत ठेवावी, सामानात टाकली तर काढून घेतली जाते. मालाबरोबर परतणाऱ्यांनी ई-वे बिलही स्वतः पाहण्यास शिकावे. परराज्यातून पन्नास हजारांवरचा माल आणताना ते लागते आणि साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. रस्त्यात टेम्पो बिघडून मुदत संपत आली, तर ‘मुनीमजींना विचारतो’ म्हणून चालत नाही.

काही तरुण आम्हाला विचारतात, एवढे सर्व फोनवर होते तर प्रवास करताच कशाला? फोटो मागवा, माल मागवा. आम्ही तेही करून पाहिले. फोटोवरून पंचे मागविले, दिसावयास दुधासारखे पांढरे. आठ दिवसांनी भुसार विभागातील एका हमालबाबांनी तो पंचा आणून गल्ल्यावर ठेवला. धुतल्यावर वीतभर आखूड झाला होता. ‘शेठ, हा डोक्याला बांधू की पोराला नेसवू?’ असे त्यांनी विचारले. पैसे परत दिले, आणि त्या गठ्ठ्यातील उरलेले पंचे आजही माळ्यावर पडून आहेत. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन, शेजारी पट्टी ठेवून इंचातील धागे मोजता येतात, आम्ही मोजतो, आता भिंगाची गरज पडत नाही. पण कांजी किती मारली आहे हे बोटांनाच कळते आणि रंग पक्का आहे की नाही हे ओल्या रुमालालाच. ओळखीचा माल पुन्हा मागविण्यास फोन उत्तम. नवा माल, नवा माणूस, तेथे पाय झिजविलेच पाहिजेत. आणि सुरतेच्या त्या संध्याकाळी आम्हाला दोन हजार रुपये मिळाले, ते वीस वर्षे त्या पेढीच्या पायऱ्या चढल्यामुळे, आमचा फोटो पाहून नव्हे.

येत्या शुक्रवारी पुन्हा मालेगावला निघावयाचे आहे. तिकीट आम्ही स्वतः काढले, पाऊण तास लागला. भाच्याने एकदा फोन मागितला, आम्ही दिला नाही.