ब्राउझर कोणताही घ्या, ईमेल मात्र स्वतःचा ठेवा

"क्रोम घेऊ की फायरफॉक्स?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. माझं मत सरळ आहे, यात वेळ घालवू नका. क्रोम आणि एज दोन्ही आतून एकाच क्रोमियमवर चालतात. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, पण तोही उत्तम. फक्त अपडेट चालू ठेवा. आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड सेव्ह करू नका, तिथे दिवसभर कोणीही बसतं.

खरा प्रश्न ईमेलचा आहे. दुकान डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर असो की ठाण्यात घोडबंदर रोडच्या मानपाड्यात, मालकाला विचारा, जीएसटीला कोणता ईमेल दिलाय? "अकाउंटंटने टाकलाय कुठलातरी." अहो, ओटीपी तिथे जातो! नोटीस आल्याची खबरही तिथेच. उद्या अकाउंटंट बदलला की बसा त्याच्या मागे फिरत. आज घरी गेल्यावर पोर्टलवर बघाच.

सुरुवात साध्या जीमेलने केली तरी चालेल. पण त्याची फुकटची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह धरून असते. ती भरली की ऑर्डरचे मेल येणंही बंद. म्हणून घरच्या फोटोंचं खातं वेगळं ठेवा.

धंदा जरा बसला की स्वतःचं डोमेन घ्या. त्यावर झोहो मेल किंवा गूगल वर्कस्पेस, जे परवडेल ते. पुढे कंपनी बदलली तरी गिऱ्हाइकाकडचा तुमचा पत्ता तोच राहतो. डोमेन घेताना मालक म्हणून नाव आणि मोबाईल नंबर तुमचाच टाका, वेबसाइट बनवणाऱ्या मुलाचा नाही.